वेगळे राहतोय, पण फ्लॅट दोघांच्या नावावर आहे: घर, भाडं आणि सरकारी योजनांबद्दल नेहमी येणारे प्रश्न

सोबत घर घेतलं आणि आता सोबत राहत नाही, अशा जोडप्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रापुरती आहेत. गोव्याचा कायदा वेगळा असल्यामुळे त्याच्यासाठी प्रश्न २० आहे. बहुतेक प्रश्न बायकांनी विचारलेले आहेत, कारण घराबाहेर पडण्याची वेळ बहुधा त्यांच्यावर येते. नवऱ्यांसाठी प्रश्न ११ आहे, लग्न न करता सोबत राहणाऱ्यांसाठी प्रश्न १८.

१. वेगळं राहायला लागलं की सरकारकडून घरभाड्याची मदत मिळते का?

नाही. काही देशांत सरकार दरमहा भाड्याचे पैसे देतं, तशी योजना आपल्याकडे नाही. परदेशी वेबसाइटवर वाचून अनेक जण ‘तो अर्ज कुठे मिळतो’ असं विचारतात. तो अर्ज इथे नाहीच.

आपल्याकडे डोक्यावरच्या छपराची मदत तीन ठिकाणांहून येते. पहिलं ठिकाण म्हणजे ते घरच, कारण तिथे राहण्याचा हक्क असतो (प्रश्न ४). दुसरं म्हणजे जोडीदार: त्याच्याकडून भाडं किंवा पर्यायी घर न्यायालयामार्फत मागता येतं (प्रश्न ६). तिसरं म्हणजे म्हाडा आणि पंतप्रधान आवास योजना. इथे दोघांच्या नावावरचा फ्लॅट आडवा येतो (प्रश्न १४). परित्यक्ता आणि घटस्फोटित स्त्रियांना संजय गांधी निराधार योजनेतून महिना १,५०० रुपये मिळू शकतात, पण उत्पन्नाची अट फार कडक आहे आणि एवढ्यात भाडं भागत नाही.

२. मी घर सोडून माहेरी आले. फ्लॅटवरचा माझा हक्क गेला का?

गेला नाही. मालकी नोंदणीकृत करारावर ठरते, कोण कुठे झोपतं यावर नाही. वर्षभर माहेरी राहिलात, दुसऱ्या शहरात नोकरी धरली, तरी करारातलं नाव तसंच राहतं. ते काढायला तुमची सही असलेला नोंदणीकृत दस्त लागतो किंवा न्यायालयाचा हुकूम.

अडचण कागद हाताशी नसण्याची असते. मूळ करार बँकेत गहाण असतो आणि झेरॉक्स फ्लॅटमधल्या कपाटात. त्यासाठी नवऱ्याशी हुज्जत घालू नका. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सारांश देणारा उतारा) काढता येतो आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून कराराची प्रमाणित प्रत मिळते. हे काम पहिल्या आठवड्यातच उरकून टाका.

३. दोघांची नावं आहेत म्हणजे निम्मं-निम्मं, बरोबर?

करारात टक्केवारी लिहिली असेल तर तीच. लिहिली नसेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ लागतं: दोघांनी आपापल्या वेगळ्या पैशातून किंमत दिली असेल तर ज्याने जितकं घातलं तितका त्याचा वाटा. कोणी किती दिले हे सिद्ध होत नसेल, तर वाटे समान धरले जातात.

‘सगळे हप्ते माझ्या पगारातून गेले, तिचं नाव फक्त स्टॅम्प ड्युटी वाचावी म्हणून घातलं’ आणि ‘डाऊन पेमेंट माझ्या वडिलांनी दिलं’ ही दोन्ही वाक्यं आमच्या कानावर रोज पडतात. दोन्हींना उत्तर एकच, बँकेचं स्टेटमेंट. जुनी खाती बंद करण्यापूर्वी घर घेतलं त्या वर्षापासूनची स्टेटमेंट्स काढून ठेवा. दागिने मोडून पैसे भरले असतील तर सराफाची पावती शोधा.

४. नवऱ्याने कुलूप बदललं आणि सोसायटीचा वॉचमन मला आत सोडत नाही. काय करू?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ याच्या कलम १७ नुसार स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे, मग त्या घरावर तिची मालकी असो वा नसो. तुमची तर मालकीही आहे. कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी तुम्हाला घराबाहेर काढण्यास मनाई करू शकतात, नवऱ्याला घर सोडण्याचा आदेश देऊ शकतात, आणि त्याने घर विकू नये किंवा गहाण ठेवू नये असंही बजावू शकतात. बाहेर पडण्याचा आदेश कोणत्याही स्त्रीविरुद्ध देता येत नाही. म्हणजे घरात सासू किंवा नणंद राहत असेल तर तिला बाहेर काढा, अशी मागणी चालत नाही.

घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर हक्कच नाही, असा पूर्वी समज होता. सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीश चंदर आहुजा प्रकरणात तो मोडून काढला.

सोसायटीला सह-मालकाला अडवण्याचा अधिकार नाही. सेक्रेटरीला इंडेक्स टू जोडून लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. कुलूप स्वतः फोडू नका. तुमचंच घर असलं तरी मग पोलीस ठाण्यात दोघांच्या उलटसुलट तक्रारी होतात आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

५. मारहाण झालेली नाही. मग हा कायदा मला लागू होतो का?

होऊ शकतो. कलम ३ मध्ये आर्थिक छळही हिंसाचारात मोडतो: घरखर्च बंद करणं, सामायिक घरात येण्याजाण्यास अटकाव करणं, जिच्यात तुमचा हक्क आहे अशी मालमत्ता परस्पर विकणं. प्रश्न ४ मधलं कुलूप यात सरळ बसतं. मात्र कुणाचाही छळ न होता, समजुतीने दोघं वेगळे झाले असतील, तर या कायद्याचा आधार ओढूनताणून घेऊ नये. अशा वेळी पोटगीचा मार्ग जास्त सरळ आहे.

६. मला तिथे परत जायचंच नाही. भाड्याने राहते, तर ते भाडं त्याच्याकडून मागता येतं का?

हो, आणि या पानावरचं सर्वांत कमी वापरलं जाणारं कलम हेच आहे. २००५ च्या कायद्याचं कलम १९(१)(फ) सांगतं की, परिस्थितीनुसार गरज असेल तर स्त्रीला सामायिक घरात होती त्याच दर्जाची पर्यायी जागा मिळवून द्यावी, नाहीतर तिचं भाडं द्यावं, असा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. वकीलसुद्धा अनेकदा अर्जात फक्त ‘निर्वाहासाठी दरमहा अमुक रुपये’ एवढंच लिहितात आणि भाड्याची मागणी राहून जाते. अर्ज दाखल होण्यापूर्वी स्वतः वाचा. भाडं आणि डिपॉझिट या दोन्ही मागण्या वेगळ्या लिहिलेल्या असाव्यात.

याशिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली पोटगी मागता येते. १ जुलै २०२४ पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली अंतरिम पोटगी मिळू शकते. घटस्फोट नकोच, पण वेगळं राहायचं आहे, अशा हिंदू पत्नीला १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम १८ खाली ठरावीक कारणांसाठी वेगळं राहून निर्वाह मागता येतो, आणि त्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे निर्वाहात निवाराही येतो. मुस्लिम घटस्फोटित स्त्रियांनाही जुन्या कलम १२५ चा मार्ग खुला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं.

एकापेक्षा जास्त कायद्यांखाली अर्ज करता येतात, पण रक्कम दोनदा मिळत नाही. आधीच्या आदेशाची माहिती पुढच्या अर्जात द्यावीच लागते आणि ती रक्कम वजा होते.

७. भाडं किती मिळेल? पुरावा काय लागतो?

ठरावीक कोष्टक नाही. रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जं यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. न्यायालय त्यावरून आणि पूर्वीच्या राहणीवरून आकडा ठरवतं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असंही त्याच निकालात आहे. म्हणून ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणून थांबण्यात नुकसान आहे.

भाड्याचा पुरावा म्हणजे नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार आणि बँकेतून गेलेले पैसे. महाराष्ट्रात असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. मैत्रिणीच्या घरी रोख भाडं देऊन राहत असाल तर निदान पुढच्या महिन्यापासून यूपीआयने द्या. माहेरी राहत असाल तरी भाडं मागता येतं. आपल्याला किती जागा लागते आणि त्या भागात ती कितीला मिळते, हे दोन-तीन जाहिराती किंवा एजंटच्या पत्रासह मांडा. मुलांची शाळा जुन्या घराजवळ असेल तर भाडं त्याच भागातलं धरावं, हा मुद्दा जरूर लिहा.

८. अर्ज कुठे करायचा? वकिलाचा खर्च परवडत नाही.

२००५ च्या कायद्याखालचा अर्ज तुम्ही सध्या जिथे राहता, तात्पुरत्या का होईना, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करता येतो. नाशिकला माहेर असेल तर ठाण्याला खेटे घालायची गरज नाही. महिला व बाल विकास विभागाचे संरक्षण अधिकारी कौटुंबिक घटना अहवाल भरून देतात आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत.

१९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. पगार लाखभर असला तरी मिळतो, हे अनेकींना पटतच नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. हेल्पलाइन १५१०० आहे. पोटगी, घटस्फोट आणि त्यातून आलेल्या मालमत्तेच्या वादात महाराष्ट्रात स्त्रियांना १९९४ च्या अधिसूचनेमुळे कोर्ट फीमध्येही माफी आहे.

कायद्यात पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न करावा, असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात एवढा वेग क्वचित दिसतो. म्हणून मुख्य अर्जाबरोबरच कलम २३ खाली अंतरिम आदेशाचा अर्ज द्या.

९. मला आज रात्रीच घर सोडायचं आहे. कुठे जाऊ?

१८१ ला फोन करा. जिवाला धोका असेल तर ११२. जवळच्या सखी वन स्टॉप सेंटरमध्ये काही दिवस राहता येतं, तिथून शक्ती सदनात, म्हणजे संकटातल्या स्त्रियांसाठीच्या निवासगृहात, जागा मिळू शकते. नोकरी करणाऱ्यांसाठी सखी निवास ही वसतिगृहं आहेत, पण तिथे रात्रीतून जागा मिळत नाही. निघताना आधार, पॅन, मुलांचे जन्मदाखले, पासबुक आणि चेकबुक घ्या. फ्लॅटचे कागद राहिले तर राहू द्या, ते मागाहून मिळतात (प्रश्न २).

१०. मी अर्ध्या फ्लॅटची मालकीण आहे. ‘तिला घर आहे’ म्हणून माझा भाड्याचा दावा फेटाळतील का?

समोरचा वकील हा मुद्दा काढणारच, म्हणून उत्तर तयार ठेवा. सह-मालकीमुळे दावा बाद होत नाही. ज्या घरात तुम्हाला राहता येत नाही आणि ज्याचं भाडंही तुमच्या हाती येत नाही, त्या अर्ध्या हिश्श्यावर आज कुणाचं पोट भरत नाही. नवरा तिथे राहतो, म्हणजे त्याचं भाडं वाचतं. हे वाक्य अर्जात असायला हवं.

परिस्थिती उलट असेल तर मात्र दावा ढिला पडतो. फ्लॅट रिकामा आहे, किल्ली तुमच्याकडे आहे, कुणी अडवत नाही आणि तरी तुम्ही दुसरीकडे भाड्याने राहता, असं असेल तर कारण सांगावं लागेल. फ्लॅट भाड्याने देऊन सगळं भाडं तोच घेत असेल, तर प्रश्न फक्त पोटगीचा राहत नाही. तुमच्या हिश्श्याच्या भाड्याचा हिशेब वेगळा मागता येतो. आणि प्रतिज्ञापत्रात हा फ्लॅट लपवू नका. एक लपवलेली गोष्ट सापडली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

११. मी नवरा आहे. मी बाहेर पडलो, बायको-मुलं फ्लॅटमध्ये आहेत, हप्ता मी भरतो आणि माझं भाडंही. मला काही मिळतं का?

२००५ चा कायदा पुरुषाला अर्जदार म्हणून लागू नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ आणि २५ खाली मात्र पतीलाही पोटगी मागता येते, फक्त स्वतःचं उत्पन्न खरोखर अपुरं असल्याचं दाखवावं लागतं. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर ही सोय फक्त पत्नीला आहे.

फ्लॅटबद्दल बोलायचं तर तुमची मालकी शाबूत आहे. नवरा-बायकोच्या मालमत्तेचा दावा १९८४ च्या कायद्यानुसार कौटुंबिक न्यायालयात करता येतो. वन बीएचकेची भिंत घालून वाटणी होत नाही, म्हणून १८९३ च्या वाटणी कायद्याखाली न्यायालय तो विकून पैसे वाटण्याचा आदेश देऊ शकतं. तेव्हा दुसरा सह-मालक ठरवलेल्या किमतीला तुमचा हिस्सा घेण्याची तयारी दाखवू शकतो. बायकोकडे राहण्याचा आदेश असेल तर हा दावा लगेच पुढे सरकणं अवघड असतं.

बायकोकडून भाडं मागता येईल का? नुसता एक सह-मालक राहतो म्हणून तो दुसऱ्याला भाडं देणं लागत नाही. दुसऱ्याला हक्क नाकारून बाहेर ठेवलं असेल तरच नुकसानभरपाईचा प्रश्न येतो. मुलं त्या घरात असताना हा मुद्दा ताणू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे; न्यायाधीशांनाही तो आवडत नाही. हप्त्याचा हिशेब प्रश्न १२ मध्ये आहे.

१२. हप्ता कोणी भरायचा? मी राहत नाही त्या घराचा हप्ता का भरू?

बँकेच्या दृष्टीने तुमचं भांडण अस्तित्वातच नाही. दोघं कर्जदार असाल तर दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण रक्कम वसूल करण्याचा तिला हक्क आहे, ‘माझा अर्धा मी भरला’ हे तिथे चालत नाही. हप्ता चुकला की दोघांचा क्रेडिट स्कोअर पडतो. थकबाकी ९० दिवसांवर गेली की कर्ज अनुत्पादक ठरतं, मग सरफेसी कायद्याखाली (बँकेला गहाण मालमत्ता ताब्यात घेऊ देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस, आणि पुढे जप्तीची तयारी. रागाच्या भरात हप्ता थांबवणं म्हणजे दोघांनी मिळून घर बँकेला देणं. असं करणारे कमी नाहीत.

बँकेत जाऊन कर्जाचं चालू स्टेटमेंट घ्या आणि हप्ता कोणाच्या खात्यातून जातो ते पाहा. संयुक्त खात्यातून जात असेल आणि तुमचा पगार तिथे जमा होत असेल, तर पगाराचं खातं वेगळं करा, पण हप्त्यापुरती रक्कम ठेवून. जो जास्त भरतो त्याने प्रत्येक भरण्याची नोंद ठेवावी. वाटणीच्या वेळी तो हिशेब मागता येतो. न्यायालयातही अंतरिम अर्जात ‘दावा संपेपर्यंत हप्ता अमुक जणाने भरावा’ अशी मागणी करता येते.

‘मी हप्ता भरतो म्हणून पोटगी देणार नाही’ हे सरसकट मान्य होत नाही, कारण हप्त्याने नवऱ्याची स्वतःचीही मालमत्ता वाढत असते. पण त्याच घरात बायको-मुलं राहत असतील तर त्यांच्या निवाऱ्याचा खर्च तो उचलतोच आहे, हे न्यायालय आकडा ठरवताना विचारात घेऊ शकतं.

कर्जातून नाव काढायचं असेल तर बँकेची संमती लागते. उरलेल्या एकट्याच्या पगारावर कर्ज झेपतं का, हे बँक नव्याने तपासते. झेपत नसेल तर दुसरा सहकर्जदार आणा, नाहीतर फ्लॅट विका. तिसरा मार्ग सहसा नसतो.

१३. तो त्याचा अर्धा हिस्सा माझ्या नावावर करायला तयार आहे. हक्कसोडपत्र करू की बक्षीसपत्र?

इथे घाई केली तर काही लाखांचा फरक पडतो. महाराष्ट्रात हक्कसोडपत्राला नाममात्र मुद्रांक शुल्क फक्त वडिलोपार्जित मालमत्तेसाठी आहे. तुम्ही दोघांनी घेतलेला फ्लॅट वडिलोपार्जित नाही, त्यामुळे हक्कसोडपत्रावर त्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर विक्रीसारखंच शुल्क लागतं. राहती जागा पती-पत्नीने एकमेकांना बक्षीस दिली तर मात्र मुद्रांक शुल्क २०० रुपये. काही शहरांत लागणारा अधिभार वेगळा, तो दुय्यम निबंधकांकडे आधी विचारून घ्या.

पण ही सवलत नवरा-बायकोला आहे, माजी नवरा-बायकोला नाही. घटस्फोटाचा हुकूम झाल्यावर केलेलं बक्षीसपत्र या सवलतीत बसत नाही. फ्लॅट द्यायचं नक्की असेल तर दस्त हुकुमाआधी करावा. देणाऱ्याला मात्र जपून राहावं लागतं: बक्षीस नोंदवलं की नुसतं मन बदललं म्हणून परत घेता येत नाही, आणि समोरच्याने नंतर परस्पर संमतीच्या अर्जातून माघार घेतली तर हातात काही उरत नाही. म्हणून आधी संमतीच्या अटी न्यायालयात दाखल करणं आणि हुकुमाच्या आधीच्या टप्प्यावर दस्त करणं, असा क्रम वकिलाबरोबर बसवून घ्या.

आणखी एक खाच आहे. बक्षीस म्हणजे मोबदल्याशिवाय दिलेलं. ‘हिश्श्याच्या बदल्यात २० लाख’ असं संमतीच्या अटींत लिहून दस्ताला बक्षीसपत्र म्हणणं धोक्याचं आहे. पुढे शुल्काची वसुली येऊ शकते. कर्ज चालू असेल तर कोणत्याही दस्तासाठी बँकेचं ना हरकत पत्र आधी लागतं.

१४. म्हाडाच्या लॉटरीत किंवा पंतप्रधान आवास योजनेत मी एकटी अर्ज करू शकते का?

वेगळं राहणं आणि घटस्फोट यातला फरक इथे सर्वांत जास्त जाणवतो. हुकूम होईपर्यंत योजनेच्या दृष्टीने तुम्ही विवाहित आहात. न्यायिक विभक्ततेचा, म्हणजे घटस्फोट न देता वेगळं राहू देणारा, हुकूम असला तरीही विवाह कायम असतो, त्यामुळे तोही घटस्फोटाच्या जागी चालत नाही.

म्हाडाची अट अशी की अर्जदार, पती किंवा पत्नी, किंवा अज्ञान मुलं यांच्या नावे त्या महापालिकेच्या हद्दीत मालकीचं घर नसावं. अर्जात जोडीदाराचं आधार, पॅन आणि उत्पन्नही जोडावं लागतं. घटस्फोटित असाल तर हुकुमाची प्रत लागते. ‘केस चालू आहे’ हे चालत नाही. जोडीदाराचं उत्पन्न धरल्यामुळे उत्पन्न गट बदलतो आणि मग ज्या घरासाठी तुम्ही खरोखर पात्र आहात त्या गटात अर्जच करता येत नाही, अशी तक्रार आमच्याकडे वारंवार येते. ती रास्त आहे, पण नियम तसाच आहे.

१ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये पती, पत्नी आणि अविवाहित मुलं हे एक कुटुंब धरतात आणि कुटुंबातल्या कुणाच्याही नावे भारतात कुठेही पक्कं घर नसावं लागतं. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ९ लाख. व्याज अनुदान जास्तीत जास्त १.८० लाख, तेही ३५ लाखांपर्यंतच्या घराला आणि २५ लाखांपर्यंतच्या कर्जाला. मुंबईत ३५ लाखांत काय येतं हे तुम्हीच जाणता. पण पनवेलपलीकडे किंवा मराठवाड्यात त्याचा उपयोग होतो.

घटस्फोटानंतरही जुन्या फ्लॅटमधला अर्धा हिस्सा तुमच्या नावावर राहिला तर तो घर म्हणूनच मोजला जातो. आधी त्या हिश्श्याचा सोक्षमोक्ष, मग अर्ज. तोच फ्लॅट घेताना केंद्राच्या गृहयोजनेतून अनुदान घेतलं असेल तर दुसऱ्यांदा मिळत नाही. गेल्या २० वर्षांत सरकारी गृहयोजनेचा लाभ घेतलेले २.० मध्ये बसत नाहीत.

१५. आमचं घर झोपडपट्टी पुनर्वसनातलं आहे. कागदावर फक्त नवऱ्याचं नाव आहे असं तो म्हणतो.

कागद स्वतः बघा. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसन नियमांत सदनिका पती-पत्नी दोघांची संयुक्त मालकीची असते, आणि सोसायटीच्या दप्तरात नाव लिहायचं राहिलं असलं तरी ते असल्याचं मानलं जातं. त्या नियमाचा उल्लेख करून सोसायटी आणि प्राधिकरणाकडे अर्ज द्या. अशा घरावर ठरावीक वर्षं हस्तांतराची बंदी असते, त्यामुळे त्या काळात ‘साध्या स्टॅम्प पेपरवर विकून टाकलं’ हा व्यवहार टिकत नाही.

१६. दावा चालू असताना तो त्याचा हिस्सा विकून टाकेल का?

कायद्याने सह-मालक आपला हिस्सा विकू शकतो. अर्ध्या फ्लॅटला गिऱ्हाईक मिळत नाही हे खरं, पण हिस्सा आईच्या किंवा भावाच्या नावावर बक्षीस देण्याचे प्रकार होतात. त्यावर दोन उपाय आहेत. कलम १९ खाली विक्रीला मनाई मागा (प्रश्न ४). आणि मालमत्तेचा दावा दाखल केला असेल तर दुय्यम निबंधकांकडे लिस पेंडन्सची, म्हणजे या मालमत्तेवर दावा प्रलंबित आहे अशी, नोटीस नोंदवा. बहुतेक राज्यांत दावा प्रलंबित असला की घेणारा आपोआप त्याने बांधला जातो. महाराष्ट्रात त्यासाठी ही नोटीस नोंदवावी लागते. ती राहून गेली आणि फ्लॅट तिसऱ्याच्या हाती गेला, की प्रकरण भलतंच लांबतं.

१७. संमतीच्या अटींमध्ये फ्लॅट मला, असं लिहिलंय. हुकूमही झाला. मग बँक आणि सोसायटी अजून दोघांची नावं का दाखवतात?

कारण हुकूम झाला म्हणून बाकीची दप्तरं स्वतःहून बदलत नाहीत. दाव्याचा विषय असलेल्या मालमत्तेबद्दलच्या तडजोडीच्या हुकुमाला नोंदणी सक्तीची नाही, पण महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यात हस्तांतरणाच्या व्याख्येत दिवाणी न्यायालयाचा हुकूमही येतो. म्हणून मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णय करून घेणं, म्हणजे किती शुल्क लागतं हे ठरवून घेणं, शहाणपणाचं. तो कागद घेऊन सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवरचं नाव बदला, मग वीजबिल आणि मालमत्ता कर. बँक हुकुमाने बांधलेली नाही, कारण ती त्या दाव्यात नव्हती; तिथे प्रश्न १२ मधलाच मार्ग.

अटी लिहिताना ‘फ्लॅट पत्नीला राहील’ एवढ्यावर थांबू नका. हप्ता कोणत्या तारखेपासून कोण भरणार, बँकेतून नाव किती महिन्यांत काढणार, नाही निघालं तर काय, सही करायला कोणी आलं नाही तर न्यायालयाने नेमलेली व्यक्ती सही करेल, हे सगळं लिहून घ्या.

याच काळात सोसायटी कधीकधी नॉन-ऑक्युपन्सी शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं) मागते. दोघांपैकी एक मालक राहत असेल तर ते लागत नाही.

१८. आमचं लग्न झालेलं नाही. सोबत राहत होतो, फ्लॅट दोघांच्या नावावर आहे.

नातं लग्नासारखं होतं, म्हणजे बराच काळ एका घरात, लोकांसमोर जोडपं म्हणून, तर स्त्रीला २००५ च्या कायद्याखाली राहण्याचा आदेश आणि भाडं मागता येतं. हिंदू विवाह कायद्याची पोटगी मिळत नाही. २०० रुपयांच्या बक्षीसपत्राची सवलतही नाही, त्यामुळे हिस्सा घेणं-देणं म्हणजे पूर्ण शुल्काची खरेदी. एक फायदा मात्र आहे: गृहयोजनांच्या व्याख्येत जोडीदार तुमचं कुटुंब नाही, त्यामुळे त्याचं उत्पन्न मोजलं जात नाही. फ्लॅटमधला तुमचा हिस्सा मोजला जातोच.

१९. पगारात एचआरए (घरभाडे भत्ता) मिळतो. अर्धा फ्लॅट माझा असताना भाड्याच्या घराची करसवलत घेता येईल का?

येईल. अट एवढीच की तुम्ही राहता ते घर तुमच्या मालकीचं नसावं आणि भाडं खरोखर भरलेलं असावं. जुन्या फ्लॅटमध्ये दुसरा मालक राहतो याने अडत नाही. सवलत फक्त जुन्या करप्रणालीत आहे. पगार विभागाने शंका काढली तर भाडेकरार आणि दोन्ही पत्ते दाखवणारं पत्र द्या.

२०. जोडीदार परदेशात आहे, किंवा आमचं लग्न गोव्यात नोंदलं आहे. काही वेगळं?

परदेशातल्या जोडीदाराला सहीसाठी यावं लागत नाही. भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र चालतं. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावं लागतं आणि ही मुदत हमखास विसरली जाते. मुखत्यारपत्रात त्या फ्लॅटचा पूर्ण तपशील आणि नेमका अधिकार लिहा. ‘सर्व कामांसाठी’ असं मोघम पत्र दुय्यम निबंधक परत करतात.

गोव्यात वेगळा विवाहपूर्व करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता एकत्र धरली जाते आणि दोघांचा अर्धा-अर्धा वाटा असतो, मग कागदावर एकाचंच नाव का असेना. घर विकायला दोघांच्या सह्या लागतात. त्यामुळे प्रश्न ३ आणि १३ ची उत्तरं तिथे लागू करू नका. गोव्यात काम करणारा वकीलच गाठा.

२१. घटस्फोट होऊन गेला. आता भाड्याचा किंवा राहण्याचा दावा करता येतो का?

कलम १४४ खाली घटस्फोटित पत्नीला पुनर्विवाह होईपर्यंत पोटगी मागता येते, आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खालीही. परस्पर संमतीच्या अटींत ‘सर्व हक्क सोडले’ असं लिहून एकरकमी पैसे घेतले असतील तर पुन्हा मागणं फार कठीण. लग्न टिकून असताना झालेल्या छळाबद्दल २००५ च्या कायद्याखाली नंतरही अर्ज करता येतो. फ्लॅटमध्ये राहण्याचा हक्क मात्र आता पत्नी म्हणून न मांडता सह-मालक म्हणून मांडा. तो जास्त पक्का आहे.

२२. आम्ही पुन्हा एकत्र राहायचं ठरवलं. भाड्याचा आदेश आणि झालेली कागदपत्रं यांचं काय?

आदेश आपोआप संपत नाही. २००५ च्या कायद्यात परिस्थिती बदलल्यास आदेश बदलून किंवा रद्द करून मागण्याची सोय आहे, दोघांपैकी कुणीही अर्ज करू शकतो. तो न करता एकत्र राहिलात आणि पुन्हा बिनसलं, तर मधल्या महिन्यांच्या थकबाकीवरून नवा वाद होतो. बक्षीसपत्र झालं असेल तर हिस्सा परत द्यायला नवं बक्षीसपत्र लागतं, आणि तुम्ही अजून नवरा-बायको असाल तर तेही २०० रुपयांतच. कर्जातून काढलेलं नाव परत घालण्याची घाई नको. काही महिने जाऊ द्यात.